चांगली चालणारी गाडी विकायला लावणारा हार्ली अर्ल, आणि आज त्याच गाड्या शोधत फिरणारे लोक

समजा, अमेरिकेतल्या एखाद्या घराच्या गॅरेजमधून १९५७ ची शेवरोले बेल एअर निघाली. चार दारांची, घरच्या वापराची. रंग कंपनीचा, सीटचं कापड कंपनीचं आणि मीटरवर जेमतेम वीसेक हजार मैल. अशी गाडी विकायला काढली की घेणारा किंमत नंतर विचारतो. तो आधी विचारतो, इतकी कमी कशी चालली?

प्रश्न बरोबरच आहे. कारण ही गाडी जपून ठेवण्यासाठी बनवलेलीच नव्हती. ती घ्यायची, मिरवायची आणि दोन-तीन वर्षांत देऊन नवी आणायची, असा सगळा बेत होता. हा बेत लोकांच्या गळी उतरवण्यात ज्या माणसाचा मोठा हात होता, त्याचं नाव हार्ली अर्ल.

अर्लचा जन्म २२ नोव्हेंबर १८९३ चा, हॉलीवूडचा. तेव्हा तिथे सिनेमा यायचा होता. वडील घोडागाड्या बांधायचे. मोटारी आल्यावर त्यांनी मोटारींच्या बॉडी बांधायला घेतल्या. पोरगा स्टॅनफर्डला शिकायला गेला, पण शिक्षण अर्धवट टाकून वडिलांच्या कारखान्यात आला.

तोवर हॉलीवूडमध्ये सिनेमावाले आले होते आणि त्यांना चारचौघांसारखी गाडी नको होती. अर्लने कॉमेडियन फॅटी आर्बकलसाठी गाडी बनवली. काउबॉय हिरो टॉम मिक्सच्या गाडीवर तर त्याने चक्क घोड्याचं खोगीर बसवलं. माणूस गाडी का घेतो, हे त्याला तिथे कळलं. पोचायला तर घेतोच, पण दिसायलाही घेतो.

१९१९ मध्ये लॉस एंजेलिसचा कॅडिलॅक डीलर डॉन ली याने हा कारखाना विकत घेतला आणि पोराला कामावर कायम ठेवलं. पुढे कॅडिलॅकचा प्रमुख लॉरेन्स फिशर तिथे आला, त्याने अर्लचं काम पाहिलं आणि त्याला डेट्रॉइटला बोलावून घेतलं. अर्लने डिझाइन केलेली लासाल १९२७ मध्ये बाजारात आली आणि चालली.

आता त्या वेळी जनरल मोटर्सची अडचण काय होती ते बघा. फोर्डने एकच मॉडेल टी वर्षानुवर्षं बनवलं, दीड कोटी गाड्या काढल्या. त्यात बराच काळ रंग एकच, काळा. गाडी स्वस्त आणि दणकट. पण १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत ज्याला परवडेल त्याच्याकडे गाडी येऊन चुकली होती. म्हणजे नव्या गाडीची स्पर्धा आता सेकंडहँड गाडीशी होती. धडधाकट जुनी गाडी दारात असताना माणूस नवी का घेईल?

जनरल मोटर्सचा प्रमुख आल्फ्रेड स्लोन याने यावर तोडगा काढला. दरवर्षी गाडीचं रूप बदलायचं. जुनी गाडी डीलरने घ्यायची, तिची किंमत वजा करायची आणि उरलेले पैसे हप्त्याने. हप्त्यासाठी कंपनीची स्वतःची फायनान्स शाखा १९१९ पासून होतीच. आपल्याकडे दिवाळीत जुनं द्या, नवं न्या अशा ऑफर लागतात, त्यातलाच प्रकार. फक्त हे जमायचं तर शेजाऱ्याच्या नव्या गाडीपुढे आपली गाडी जुनी दिसायला हवी होती. ते दिसणं ठरवण्यासाठी १९२७ मध्ये कंपनीत आर्ट अँड कलर नावाचा विभाग उघडला आणि तो अर्लच्या हातात दिला.

इंजिनिअर लोकांना हा कॅलिफोर्नियाचा रंगीत सुटातला माणूस पचला नाही. १९२९ च्या ब्यूकमध्ये त्यांनी त्याच्या डिझाइनची मापं परस्पर बदलली. गाडीच्या बाजू फुगल्या, लोकांनी तिला गरोदर ब्यूक म्हणून हिणवलं आणि विक्री आपटली. अर्लने त्यातून धडा घेतला आणि पुढे कंपनीत स्वतःचं वजन इतकं वाढवलं की १९४० मध्ये तो उपाध्यक्ष झाला. डिझाइनरला इतकं मोठं पद तोवर मोठ्या कंपन्यांत मिळत नव्हतं.

माणूस सव्वासहा फुटांच्या वर उंच. सुटाला सुरकुती चालत नसे, म्हणून ऑफिसच्या कपाटात जादा कपडे. स्वतः फारसं चित्र काढत नसे. हाताखालच्या मुलांकडून काढून घ्यायचा, मातीचं मॉडेल बनवायला लावायचा आणि इकडे थोडं खाली, तिकडे थोडं लांब असं सांगत बसायचा. गाडी लांब आणि बुटकी दिसली पाहिजे, हा त्याचा आयुष्यभराचा हट्ट. १९३८ ची ब्यूक वाय-जॉब ही प्रयोग म्हणून बनवलेली गाडी. झाकलेले हेडलाइट, विजेवर खालीवर होणाऱ्या काचा. ती तो स्वतःच वापरत असे.

महायुद्धाच्या काळात त्याने आपल्या माणसांना पी-३८ हे लढाऊ विमान दाखवायला नेलं. त्याच्या दोन शेपट्या डोक्यात राहिल्या आणि १९४८ च्या कॅडिलॅकच्या मागच्या बाजूला छोटे फिन उगवले. त्यांचा गाडी चालण्याशी संबंध शून्य. पण पुढची दहा वर्षं अख्खी अमेरिका या फिनमागे वेडी झाली.

आपला संबंधही इथे येतो. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती. अर्लच्या विभागातून निघालेल्या शेवरोले शिवडीतून बाहेर पडून मुंबईच्या रस्त्यावर यायच्या. १९५४ मध्ये ते काम बंद पडलं, त्यामुळे बेल एअरची गाजलेली १९५५ ते ५७ ची मॉडेलं शिवडीत कधी जोडली गेलीच नाहीत. आपल्या जुन्या सिनेमात श्रीमंतीची खूण असलेली इम्पालाही अर्लच्याच काळातली, १९५८ च्या मॉडेलची.

त्या तीन वर्षांच्या शेवरोलेंना आज ट्राय-फाइव्ह म्हणतात. खालचा सांगाडा तिन्ही वर्षं साधारण तोच. बदललं काय, तर समोरची जाळी, दिवे, क्रोमच्या पट्ट्या, मागचे फिन. एवढ्यावर ५५ ची गाडी ५७ मध्ये जुनी दिसायला लागायची. गंमत म्हणजे आज सगळ्यात लाडकी असलेली ५७ ची शेवरोले त्या मॉडेल वर्षात फोर्डच्या मागे राहिली होती.

आणि त्याच सुमाराला अर्लचा खेळ अर्लवरच उलटला. १९५६ मध्ये जनरल मोटर्सच्या एका तरुण डिझाइनरने क्रायस्लरच्या आवारात उभ्या असलेल्या ५७ च्या प्लिमथ गाड्या पाहिल्या. व्हर्जिल एक्सनरच्या डिझाइनच्या, बुटक्या, धारदार. त्यांच्यापुढे अर्लच्या जाडजूड, क्रोमने मढवलेल्या गाड्या गेल्या वर्षीच्या वाटायला लागल्या. अर्ल तेव्हा युरोपात होता. त्याच्या पाठीमागे पोरांनी १९५९ च्या गाड्यांचं काम नव्याने सुरू केलं. परत आल्यावर त्याने ते पाहिलं आणि मुकाट्याने मान्य केलं. १९५८ मंदीचं वर्ष ठरलं आणि ते संपता संपता तो निवृत्त झाला.

टीका नंतरही थांबली नाही. लोकांच्या खिशातून विनाकारण पैसे काढले, असा आरोप होता आणि त्यात तथ्य होतंच. टोकदार फिन माणसाला लागू शकतात, हेही १९६५ मध्ये राल्फ नेडरच्या पुस्तकाने दाखवून दिलं. १० एप्रिल १९६९ ला फ्लोरिडात अर्ल वारला.

आता परत त्या गॅरेजमधल्या गाडीकडे. अशी गाडी विकताना मीटरच्या आकड्यावर कुणी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. त्या काळच्या बहुतेक अमेरिकन मीटरमध्ये मैलांचे पाचच आकडे. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्य. त्यातून मीटर मागे फिरवण्याविरुद्ध देशभर लागू होणारा कायदा आला थेट १९७२ मध्ये. म्हणून जाणकार ब्रेकच्या पेडलचं रबर बघतो, ड्रायव्हरच्या सीटची कड बघतो, सर्व्हिसच्या जुन्या पावत्या मागतो. आणि विकणाऱ्याने हौसेने नवा रंग मारला असेल तर कपाळावर हात मारतो, कारण कंपनीचा मूळ रंग परत आणता येत नाही.

चार दारं असतील तर भाव अजून पडतो. लोकांना दोन दारांची हार्डटॉप किंवा उघड्या टपाची हवी असते. घरगुती सेडान पोरंबाळं, किराणा, सहली यात झिजल्या आणि शेवटी देखण्या गाड्यांना सुटे भाग पुरवण्यात संपल्या. त्यामुळे जपलेली सेडान सापडणं अवघड, पण तिला पैसे मात्र कमी. थोडा अन्यायच आहे.

नुसतं कमी चालणंही कामाचं नाही. तुल्सा शहराने १९५७ मध्ये एक कोरी प्लिमथ बेल्व्हेडिअर जमिनीखाली काँक्रीटच्या खोलीत पुरली होती, ५० वर्षांनी काढायची म्हणून. २००७ मध्ये काढली, तर आत पाणी शिरून गाडीचा गंजलेला सापळा झालेला.

याउलट नेब्रास्कातल्या पिअर्स नावाच्या छोट्या गावात २०१३ साली एका बंद पडलेल्या शेवरोले डीलरच्या सुमारे ५०० गाड्या लिलावात निघाल्या. त्यात लोकांनी नवी घेताना दिलेल्या जुन्या गाड्या होत्या आणि कधीच न विकल्या गेलेल्या कोऱ्याही. हजारो लोक त्या गावात जमले. फक्त ११ मैल चाललेली १९६३ ची इम्पाला त्यात होती. आणि अर्लच्या शेवटच्या वर्षातला, १९५८ चा शेवरोले कॅमिओ पिकअप, दीड मैलही न चाललेला, १ लाख ४० हजार डॉलरला गेला.