साष्टीचे पाद्री : फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९)

आपल्या घरी मराठी, बाजारात माळवी आणि वहीत हिंदी असा आपला रोजचा कारभार. शिंदे, होळकर, पवारांच्या काळात आपले पूर्वज माळव्यात आले आणि येताना भाषा घेऊन आले. त्यामुळे मराठी आपल्याला आईच्या मांडीवरच मिळाली, तिच्यासाठी काही मोजावे लागले नाही. या वेळी ज्यांची ओळख करून घ्यायची आहे, त्यांचे मात्र तसे नव्हते. ते जन्माने इंग्रज. तिशीत आल्यावर त्यांनी मराठीचे पहिले अक्षर ऐकले असेल. आणि पुढे त्यांनी मराठीत जवळजवळ अकरा हजार ओव्या रचल्या.

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातील बुश्टन या खेड्यात झाला. वडील व्यापारी. मुलगा विंचेस्टरच्या नावाजलेल्या शाळेत शिकला. तेव्हाचा इंग्लंड धर्माच्या भांडणाने पोळलेला होता. एलिझाबेथ राणीच्या राज्यात रोमच्या पोपला मानणाऱ्या कॅथलिक लोकांना उघडपणे मिस्सा म्हणता येत नसे. उपासना दार लावून करावी लागे आणि पकडले गेल्यास दंड किंवा तुरुंग ठरलेला. स्टीफन्स यांचे स्नेही थॉमस पाउंड हे श्रीमंत गृहस्थ. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात (जेझुइट संघात) प्रवेश करायचे ठरवले होते. पण निघण्याआधीच पाउंड पकडले गेले आणि पुढे आयुष्याची सुमारे तीस वर्षे त्यांनी निरनिराळ्या तुरुंगांत काढली. स्टीफन्स एकटेच रोमला पोचले आणि १५७५ साली संघात दाखल झाले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिची आठवण करावी लागणार आहे.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजे हिंदुस्थानकडे निघाली, त्यांतल्या एकावर स्टीफन्स होते. २४ ऑक्टोबरला ते गोव्यात उतरले. म्हणजे साडेसहा महिन्यांहून अधिक काळ नुसते पाणीच पाणी. गोव्यात पोचल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिले. ते पत्र पुढे इंग्लंडमध्ये प्रवासवर्णनांच्या प्रसिद्ध संग्रहात छापले गेले आणि व्यापाऱ्यांनी मोठ्या आवडीने वाचले. त्यात वारे कसे वाहतात, सूर्य आणि तारे पाहून उत्तर-दक्षिण कळते पण पूर्व-पश्चिम किती आलो हे खलाशांना नक्की कळत नाही, कोणते पक्षी दिसले की कोणता किनारा जवळ आला, हे सगळे आहे. खलाशांच्या हिरड्या सुजून येतात, पाय सुजतात, त्याचेही वर्णन आहे. आणि जहाजावर पुष्कळ लहान मुले होती, ती मोठ्यांपेक्षा समुद्र चांगला सोसत होती, हेही त्यांनी मुद्दाम नोंदवले आहे. विज्ञानाच्या सरांनी हे पत्र वर्गात समजावून सांगावे असे आहे.

गोव्यात त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली आणि साष्टी तालुक्यात नेमणूक झाली. मडगाव, राशोल हा सगळा भाग साष्टीत येतो. (मुंबईजवळची साष्टी वेगळी.) मध्ये काही काळ सोडला तर पुढची जवळजवळ चाळीस वर्षे त्यांची कर्मभूमी हीच.

आता साष्टीत काय चालले होते ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, आणि ते काही गोड नाही. पोर्तुगीज सत्तेने १५६७च्या सुमारास साष्टीतील शेकडो देवळे पाडली आणि जाळली. सण, विधी, भटजी यांच्यावर बंदी आली. घराघरांतील जुन्या पोथ्या काढून नेल्या गेल्या. १५८३च्या जुलैमध्ये कुंकळ्ळी गावाच्या लोकांनी संतापून पाच जेझुइटांना ठार केले. त्यांत रुदोल्फो अक्वाविव्हा होते, जे नुकतेच अकबर बादशहाच्या दरबारातून परतले होते. त्यानंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकारांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारले. दोन्ही बाजूंनी रक्त सांडले. ज्या माणसाला स्वतःच्या देशात आपल्या पद्धतीने प्रार्थना करता आली नाही म्हणून तो देश सोडून निघाला, तो अशा मुलखात येऊन पोचला जिथे त्याचेच धर्मबंधू दुसऱ्यांची उपासना बंद पाडत होते. स्टीफन्स यांना हे मनातून कसे वाटले असेल? त्यांनी या सत्तेविरुद्ध आवाज उठवला असे काही दिसत नाही. ते त्याच व्यवस्थेचे पाद्री होते. पण त्यांनी केलेले काम वेगळ्या वाटेने गेले, आणि तेच आपल्याला पाहायचे आहे.

त्या वेळी चर्चच्या भोवतीच्या गावांचा मिळून एक धर्मग्राम असे. रविवारी आणि सणावारी मिस्सा, त्यानंतर धर्मशिक्षण, आणि चर्चला जोडून लहानशी शाळा, जिथे मुलांना वाचन, प्रार्थना आणि गाणे शिकवले जाई. मिस्सा लॅटिनमध्ये. राज्यकर्त्यांची भाषा पोर्तुगीज. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला प्रार्थना पाठ होई, पण मनाला पकडेल असे कानावर काही पडत नसे. पूर्वी संध्याकाळी कोणीतरी पोथी सोडायचा, चार माणसे भोवती बसायची, ओवीमागून ओवी ऐकत रात्र व्हायची. आता पोथीही नाही आणि ऐकणेही नाही.

स्टीफन्स यांच्या काव्याच्या आरंभी हाच प्रसंग आला आहे. रविवारी चर्चमध्ये धर्मशिक्षण चालले असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विचारतो, की जुनी पुराणे तर तुम्ही आम्हांला मना केलीत, मग त्यांच्यासारखे दुसरे काही आमच्यासाठी का करत नाही? प्रश्न बिनतोड होता. मला स्वतःला या प्रश्नात नम्रतेबरोबर थोडी तक्रारही ऐकू येते. स्टीफन्स यांनी ती आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात जागा देऊन लिहून ठेवली, हा त्यांचा प्रामाणिकपणा म्हटला पाहिजे.

त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे 'क्रिस्तपुराण'. पण ते एका दिवसात झाले नाही. आधी भाषा शिकावी लागली. लोकांच्या तोंडची कोंकणी आणि पोथ्यांतली मराठी अशा दोन्ही त्यांनी आत्मसात केल्या. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटले आहे, की इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनशी जुळते. विल्यम जोन्स यांनी संस्कृतबद्दल हीच गोष्ट जगापुढे मांडली ती १७८६ साली, म्हणजे दोनशे वर्षांनी.

त्याच १५८३ सालची एक हकीकत, आपल्या भागाशी जोडलेली म्हणून सांगतो. होर्मुझला पकडलेले चार इंग्रज गोव्यात कैदी म्हणून आणले गेले. त्यांत राल्फ फिच नावाचा व्यापारी होता. परक्या मुलखात आपल्या भाषेचे माणसे अडकलेली पाहून स्टीफन्स मदतीला धावले आणि त्यांच्या खटपटीने ते जामिनावर सुटले. त्यांतला एक चित्रकार चर्चच्या कामाला लागला. बाकीचे १५८४ साली संधी साधून निसटले आणि बेळगाव, विजापूर, गोवळकोंडा, बऱ्हाणपूर करत मांडू आणि उज्जैनवरून आग्र्याकडे गेले. धारजवळचे मांडू आपण सहलीत पाहिले असेल. तिथून फिच गेला, आणि त्याची सुटका ज्यांनी केली ते हे साष्टीचे पाद्री.

आता ग्रंथाविषयी. क्रिस्तपुराणाचे दोन भाग आहेत. पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासूनची जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात येशू ख्रिस्ताचे चरित्र. प्रकरणाला स्टीफन्स 'अवस्वरू' म्हणतात. पहिल्या भागात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अवस्वरू आहेत, ओव्या एकूण १०,९६२. छंद ओवीचाच, कारण साष्टीचा कान ओवीला सरावलेला होता. शब्दही तिथलेच. स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात, देवाला परमेश्वर म्हणतात. ऐकणाऱ्याला आपण परक्या घरात आलो असे वाटू नये, याची ही काळजी. मराठी ग्रांथिक, पण अडेल तिथे सरळ कोंकणी शब्द घातलेला. मराठी भाषेची थोरवी सांगणारा त्यांतला भाग तर आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांना पाठ असेल. रत्ने, फुले, सुगंध, पक्षी अशा उपमांची तिथे रांगच लागते. मराठीचे इतके मोकळेपणाने कौतुक मराठी घरात जन्मलेल्यांनीही क्वचितच केले असेल.

हे पुस्तक १६१६ साली राशोलच्या छापखान्यात छापले गेले, आणि गंमत अशी, की ते रोमन अक्षरांत छापले! याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता, पण इथल्या लिपीचे खिळे नव्हते. १६०८ साली स्टीफन्स यांनी रोममधील आपल्या संघप्रमुखांना पत्र लिहून विनंती केली, की या देशाची पुस्तके या देशाच्या भाषेत आणि लिपीत छापली जावीत अशी माझी पुष्कळ वर्षांची इच्छा आहे. अडचणही त्यांनीच सांगितली. युरोपात चोवीस अक्षरांचे साचे पुरतात, इथे काना, मात्रा, वेलांट्या धरून सहाशेच्या आसपास साचे लागतील. ही संख्या कमी करता येईल अशी तोडही त्यांना दिसत होती. पण ते खिळे काही पडले नाहीत. तेव्हा मराठी पुराण रोमन अक्षरांत निघाले. आज तुम्ही मोबाइलवर मराठी निरोप रोमन अक्षरांत लिहिता, त्याला चारशे वर्षांची परंपरा आहे असे कोणी म्हणू नये म्हणून सांगतो, की स्टीफन्स यांनी ते नाइलाजाने केले होते.

साष्टीच्या चर्चमध्ये हे पुराण रविवारी आणि सणाच्या दिवशी वाचले जाऊ लागले. चालीवर ओवी म्हणायची, लोकांनी ऐकायची. ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही आदामाची, नोहाची, बेथलेहेमच्या गोठ्याची कथा आपल्या भाषेत, आपल्या छंदात मिळाली. उपासना आणि शिक्षण अशी दोन कामे एकाच बैठकीत होत होती. मुलांच्या धर्मशिक्षणासाठी स्टीफन्स यांनी कोंकणीत प्रश्नोत्तरांचे पुस्तकही लिहिले. नव्या पाद्रींनी लोकांची भाषा शिकावी म्हणून कोंकणीचे व्याकरण रचले. पहिले १६२२ साली आणि दुसरे, इतर पाद्रींनी भर घातल्यावर, १६४० साली राशोललाच छापले गेले. भारतीय भाषेचे छापलेले पहिले व्याकरण म्हणून त्याचा मान आहे. पण ही दोन्ही पुस्तके छापलेली पाहायला ते नव्हते. १६१९ साली, सत्तराव्या वर्षी, गोव्यातच त्यांचे निधन झाले. इंग्लंडला ते परत गेले नाहीत.

क्रिस्तपुराण मात्र १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. मग वारा फिरला. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की स्थानिक लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. ज्या भाषेसाठी स्टीफन्स यांनी आयुष्य घालवले तिच्यावरच त्यांच्या पाठीमागे बंदी आली. छापलेल्या तिन्ही आवृत्त्यांची आज एकही प्रत उपलब्ध नाही.

तरीही पुराण उरले, ते घरांमुळे. गोव्यातून दक्षिणेला कानडा मुलखात, मंगळूरच्या बाजूला गेलेली ख्रिस्ती कुटुंबे हाताने लिहून काढलेल्या प्रती बरोबर घेऊन गेली. पिढ्यान्‌पिढ्या त्या नकलून घेतल्या गेल्या. अशा हस्तलिखितांवरून १९०७ साली जे. एल. सालढाणा यांनी मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला, तोही रोमन लिपीत. पुढे लंडनमधील मार्सडेन संग्रहात देवनागरीत लिहिलेली एक प्रत आढळली आणि जस्टिन ॲबट यांनी ती अभ्यासकांच्या नजरेस आणली. तिची भाषा अधिक संस्कृतवळणाची आहे, म्हणून मूळ पाठ कोणता, यावर विद्वानांत वाद झाला. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यात देवनागरी आवृत्ती काढली. साचे मिळावेत म्हणून रोमला पत्र पाठवल्याला तेव्हा जवळजवळ साडेतीनशे वर्षे झाली होती.

गोव्यात पर्वरीला त्यांच्या नावाचे थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र आहे. राशोलला ज्या ठिकाणी हे पुराण छापले गेले, तिथे पाद्रींच्या शिक्षणाचे जुने सेमिनार अजून उभे आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत जे पालक मुलांना घेऊन गोव्याला जातील त्यांनी समुद्रावरून थोडा वेळ काढून मडगावपासून राशोलपर्यंत जाऊन यावे. रस्ता थोडक्यातच आहे.