खेड्यांतील रुग्णांचा कैवारी

पहिले महायुद्ध सुरू होण्याच्या थोडे आधीची गोष्ट आहे. कॅनडा देशातील विनिपेग शहराच्या एका रुग्णालयात एक मुलगा खाटेवर पडून होता. वयाने तो तुमच्याहून थोडा लहानच असेल. त्याच्या गुडघ्याच्या हाडाला जुना रोग जडला होता. जखम भरून येई आणि पुन्हा चिघळे. पाय कापण्यावाचून आता गत्यंतर नाही, असे डॉक्टरांनी त्याच्या आईवडिलांना सांगितले होते. वडील लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात काम करणारे कामगार. मोठ्या शल्यविशारदाला देण्याइतका पैसा त्यांनी आणावा कोठून?

परंतु दैव बलवत्तर होते. हाडांच्या रोगांत निष्णात असलेल्या एका शल्यविशारदाची दृष्टी त्या मुलाकडे गेली. आपण शस्त्रक्रिया करीत असताना वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ती पाहू दिली, तर आपण एक पैसाही घेणार नाही, असे त्याने सुचवले. आईवडिलांनी आनंदाने होकार दिला. उपचार यशस्वी झाले. पाय वाचला.

त्या मुलाचे नाव टॉमी डग्लस. शल्यविशारदाचे उपकार तो जन्मभर विसरला नाही. पण मोठा झाल्यावर उपकाराच्या आठवणीबरोबर एक प्रश्नही त्याला बोचू लागला. आपला पाय वाचला तो केवळ योगायोगाने. त्या दिवशी तो भला माणूस आपल्या खाटेपाशी आला नसता तर? आणि ज्यांच्या खाटेपाशी असा कोणीच येत नाही, त्या मुलांचे काय? डग्लस यांचे सारे पुढील आयुष्य म्हणजे या एका प्रश्नाला दिलेले उत्तरच होय.

टॉमीचा जन्म २० ऑक्टोबर १९०४ रोजी स्कॉटलंडमधील फॉल्कर्क येथे झाला. तो लहान असतानाच त्याचे कुटुंब पोटापाण्यासाठी कॅनडात आले. महायुद्धाच्या काळात मायलेकरे काही वर्षे स्कॉटलंडला परतली आणि युद्धानंतर पुन्हा विनिपेगला आली. घरची ओढग्रस्त पाहून टॉमीने शाळा सोडली आणि तो छापखान्यात उमेदवारी करू लागला. दिवसभर खिळे जुळवावेत आणि संध्याकाळी व्यायामशाळेत जावे, असा त्याचा क्रम असे. जो पाय एकदा कापायचा ठरला होता, त्याच पायावर उभे राहून १९२२ साली त्याने हलक्या वजनाच्या गटात मॅनिटोबा प्रांताचे मुष्टियुद्धाचे विजेतेपद पटकावले!

पुढे वयाच्या विसाव्या वर्षी त्याने राहिलेले शिक्षण पुन्हा हाती घेतले आणि धर्मोपदेशकाची दीक्षा घेण्याचे ठरवले. १९३० साली सस्कॅचेवान प्रांतातील वेबर्न या लहानशा गावी डग्लस धर्मोपदेशक म्हणून रुजू झाले.

सस्कॅचेवान हा प्रांत विस्ताराने महाराष्ट्राच्या दुपटीहूनही मोठा; पण तेथील लोकसंख्या त्या काळी दहा लाखांच्याही आतच होती. नजर पोहोचेल तेथपर्यंत गव्हाची शेते आणि त्यांत दूरदूर विखुरलेली घरे. हिवाळ्यात सगळीकडे बर्फ साचे आणि रस्ते बंद पडत. डॉक्टर कित्येक कोस दूर असे. त्यातच १९३० नंतरच्या दशकात या प्रांतावर एकामागून एक संकटे कोसळली. गव्हाचे भाव गडगडले. पावसाने वर्षानुवर्षे पाठ फिरवली. वाऱ्याबरोबर शेतांतील माती उडून आकाश काळवंडू लागले. जे काही थोडेबहुत उगवे, त्यावर टोळ तुटून पडत. सुखवस्तू शेतकरी पाहता पाहता कंगाल झाले. डॉक्टरांचीही स्थिती काही निराळी नव्हती. रोग्यांजवळ पैसा नसल्यामुळे कोणी कोंबडी देई, कोणी सरपण देई. कित्येक डॉक्टर गाव सोडून निघून गेले.

डग्लस यांनी भुकेलेल्यांसाठी अन्न आणि उघड्यांसाठी कपडे गोळा केले. परंतु आजाऱ्यांसाठी ते काय करू शकत होते? ग्रिफिन आणि पँगमन या दोन खेड्यांतील दोन तरुण शेतकऱ्यांचे अंत्यविधी त्यांना करावे लागले. दोघेही ऐन तिशीतले होते आणि दोघांच्याही घरी लहान मुले होती. जवळपास डॉक्टर नव्हता आणि योग्य उपचार घ्यायला पदरी पैसा नव्हता, एवढ्याच कारणाने ते गेले होते. गावकऱ्यांनी साध्या फळ्या ठोकून त्यांच्यासाठी शवपेट्या तयार केल्या. त्या पेट्यांपाशी उभे राहून प्रार्थना म्हणताना डग्लस यांना उमगले, की केवळ सांत्वन करून भागणार नाही. हे मरण टाळता येण्याजोगे होते. ते टाळायचे, तर कायदे करणाऱ्या सभागृहात गेले पाहिजे.

या काळात त्यांच्या हातून एक चूकही घडली. १९३३ साली लिहिलेल्या एका प्रबंधात त्यांनी मनाने दुर्बळ असलेल्या माणसांना समाजापासून वेगळे ठेवावे, त्यांना मुले होऊ देऊ नयेत, असे विचार मांडले. त्या वेळी अनेक सुशिक्षित लोक असेच मानत. तरीही तो विचार अन्यायाचाच होता. पुढे अधिकार हाती आल्यावर त्यांच्यासमोर तशा सूचना आल्या, तेव्हा त्यांनी त्या बाजूला सारल्या. आपली चूक कवटाळून न बसण्याचा मोठेपणा त्यांच्या अंगी होता.

१९३४ मध्ये त्यांनी प्रांताच्या विधिमंडळाची निवडणूक लढवली आणि ते पराभूत झाले. पण पुढच्याच वर्षी ते कॅनडाच्या संसदेत निवडून आले. शेतकरी आणि कामगार यांनी मिळून स्थापन केलेल्या कोऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन या पक्षाचे ते सभासद होते. १९४४ साली ते पुन्हा प्रांतात परतले. या वेळी त्यांच्या पक्षाने ५२ पैकी ४७ जागा जिंकल्या आणि डग्लस प्रांताचे मुख्यमंत्री झाले. एवढी मोठी जबाबदारी शिरावर असताही त्यांनी आरोग्यखाते दुसऱ्या कोणाकडे सोपवले नाही; ते स्वतःकडेच ठेवले.

काम सुरू करण्यापूर्वी त्यांनी हेन्री सिगरिस्ट या विद्वान डॉक्टरांना पाचारण केले. सिगरिस्ट यांनी प्रांतभर हिंडून लोकांच्या गरजा पाहिल्या आणि अहवाल दिला. मग एकेक पाऊल पडू लागले. कर्करोगाचे उपचार विनामूल्य झाले. वृद्ध निवृत्तिवेतनधारकांच्या औषधपाण्याचा भार सरकारने उचलला. १९४६ साली रुग्णवाहक विमानांची सेवा सुरू झाली. एखाद्या दूरच्या शेतावर कोणी अत्यवस्थ असल्याची वर्दी येताच लहानसे विमान तेथे उतरे आणि रोग्याला घेऊन शहराकडे झेप घेई. हिवाळ्यात चाकांऐवजी घसरपट्ट्या लावून ही विमाने बर्फावरही उतरत. ज्या वाटेवर गाडी अडत असे, तेथे आता आकाशाची वाट मोकळी झाली.

त्याच वर्षी स्विफ्ट करंट या भागातील लोकांनी मतदान करून आपल्या भागापुरती सर्वांसाठी वैद्यकीय सेवेची योजना उभारली. खरे पाहता, ही कल्पना त्या प्रांताला अगदीच नवी नव्हती. १९१५ च्या सुमारास सार्निया नावाच्या एका ग्रामीण पंचायतीने, आपला डॉक्टर गाव सोडून जाऊ नये म्हणून, सार्वजनिक पैशातून त्याला वेतन देण्यास आरंभ केला होता. पुढे अनेक पंचायतींनी तिचे अनुकरण केले. जे शहाणपण शेतकऱ्यांनी गावापुरते दाखवले होते, तेच डग्लस यांना साऱ्या प्रांताला लागू करायचे होते.

१ जानेवारी १९४७ रोजी त्यांनी संपूर्ण प्रांतासाठी रुग्णालय-योजना सुरू केली. योजना समजायला सोपी होती. शहाणा शेतकरी सुगीच्या दिवसांत पेवात धान्य भरून ठेवतो आणि टंचाईच्या दिवसांत ते बाहेर काढतो. त्याचप्रमाणे प्रत्येकाने धडधाकट असतानाच वर्षाकाठी पाच डॉलर सार्वजनिक निधीत भरावेत. कुटुंब कितीही मोठे असले, तरी तीस डॉलरांहून अधिक भरावे लागू नयेत. आजारी पडून रुग्णालयात जावे लागले, तर तेथील खर्च या निधीतून व्हावा. रकमेत जे कमी पडे, त्याची भर सरकार घालीत असे. रुग्णालयाच्या दारात रोग्याची थैली पाहण्याचे आता कारण उरले नाही.

तरी एक उणीव राहिलीच होती. रुग्णालयाचे देणे चुकले. पण डॉक्टरांची फी चुकली नव्हती. डग्लस यांना तीही व्यवस्था हवी होती. परंतु खिशात पैसा नसता मोठी वचने द्यावीत, हा त्यांचा स्वभाव नव्हता. प्रांतावर कर्जाचा डोंगर होता. तो त्यांनी आधी उतरवत आणला. खेड्यांत वीज नेली, रस्ते केले. १९५८ पासून रुग्णालयांच्या खर्चात केंद्र सरकारही वाटा उचलू लागले, तेव्हा कोठे प्रांताचा हात मोकळा झाला. मग डिसेंबर १९५९ मध्ये त्यांनी सर्वांसाठी वैद्यकीय सेवेची योजना जाहीर केली. हाच प्रश्न घेऊन १९६० ची निवडणूक लढवली आणि जिंकली. नोव्हेंबर १९६१ मध्ये कायदा संमत झाला. त्याच महिन्यात नव्या देशव्यापी पक्षाचे नेतृत्व करण्यासाठी डग्लस यांनी मुख्यमंत्रिपद सोडले आणि वुड्रो लॉइड यांनी प्रांताची धुरा उचलली.

खरी कसोटी यापुढेच होती. सरकारी योजनेमुळे आपले स्वातंत्र्य जाईल, सरकार आपल्या धंद्यात ढवळाढवळ करील, अशी भीती प्रांतातील बहुतेक डॉक्टरांना वाटत होती. त्यांनी कडाडून विरोध केला. लोकांतही दोन तट पडले. १८ जून १९६२ रोजी संसदेची निवडणूक झाली, तेव्हा प्रांताच्या राजधानीत, रिजायना येथे, स्वतः डग्लस पराभूत झाले! ज्या लोकांसाठी हाडांची काडे केली, त्यांनीच आपल्याला नाकारावे, हा घाव काही लहान नव्हता. तरीही त्यांनी कोणाला बोल लावला नाही.

१ जुलै १९६२ रोजी योजना अमलात आली आणि त्याच दिवशी डॉक्टरांनी आपले दवाखाने बंद केले. तातडीच्या उपचारांसाठी काही थोडी रुग्णालये तेवढी उघडी होती. ब्रिटनमधून व इतर ठिकाणांहून काही डॉक्टर मदतीला धावून आले. घरोघरी चिंता पसरली. पण लॉइड यांचे सरकार डगमगले नाही आणि त्याने हट्टही धरला नाही. ब्रिटनमधील लॉर्ड टेलर या डॉक्टरांनी मध्यस्थी केली. २३ जुलै रोजी सॅस्कटून शहरात समेट झाला. डॉक्टरांचे व्यवसायस्वातंत्र्य मान्य झाले. सर्वांना उपचार हे तत्त्वही अबाधित राहिले. तेवीस दिवसांचा संप मिटला. पुढे सस्कॅचेवानची ही वाट इतर प्रांतांनाही पटली. १९६६ साली संसदेने देशव्यापी कायदा केला आणि १९७२ पर्यंत कॅनडातील सर्व प्रांत व प्रदेश या व्यवस्थेत आले.

रिजायनातील पराभवानंतर काही महिन्यांतच डग्लस दुसऱ्या मतदारसंघातून संसदेत निवडून आले होते. १९७९ पर्यंत त्यांनी लोकसेवा केली. देशाचे पंतप्रधानपद त्यांना कधी मिळाले नाही. २४ फेब्रुवारी १९८६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर अठरा वर्षांनी, २००४ मध्ये, कॅनडाच्या आकाशवाणी व दूरचित्रवाणी संस्थेने लोकांचा कौल घेतला. आपल्या देशातील सर्वांत थोर व्यक्ती कोण, असा तो प्रश्न होता. लोकांनी टॉमी डग्लस यांचे नाव घेतले.

विनिपेगच्या त्या शल्यविशारदाने एका मुलाचा पाय वाचवला, ही त्याची दया होती. दया ही थोर गोष्ट आहे. परंतु ती प्रत्येकाच्या वाट्याला येतेच असे नाही. आपल्याला जे दयेने लाभले, ते इतरांना हक्काने लाभावे, यासाठी डग्लस झिजले. मिळालेल्या उपकाराची याहून चांगली फेड ती कोणती?