काटकसरीचा नगररचनाकार

दाट वस्तीच्या आणि तुटपुंज्या उत्पन्नाच्या शहराचे नियोजन कसे करावे, हा प्रश्न निघाला की आपले राज्यकर्ते व तज्ज्ञ बहुधा पैशाच्या अभावाकडे बोट दाखवितात. निधी मिळाला की रस्ते रुंद होतील, जुन्या वस्त्या हटतील, नवे नळ येतील; तोपर्यंत नागरिकांनी धीर धरावा, अशी ही विचारसरणी आहे. नियोजनाचे शहाणपण तिजोरीच्या आकारावर अवलंबून असते, या समजुतीला शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी याच भूमीत पायी हिंडून एका स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने आव्हान दिले होते. सर पॅट्रिक गेडिस हे त्यांचे नाव. नगररचनेच्या पाठ्यपुस्तकांत त्यांना मानाचे स्थान आहे. परंतु ज्या शहरांसाठी त्यांनी आपल्या उतारवयाची जवळजवळ दहा वर्षे वेचली, त्या शहरांच्या कारभारात त्यांच्या विचारांचा मागमूस क्वचितच आढळतो.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर या गावी झाला. लंडनला टी. एच. हक्स्ली यांच्या हाताखाली त्यांनी जीवशास्त्राचे धडे घेतले. पदवी मात्र कधीच घेतली नाही. १८७९ मध्ये संशोधनासाठी मेक्सिकोत गेले असताना त्यांची दृष्टी गेली आणि कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. दृष्टी परत आली, तरी सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास काम करण्याची शक्ती डोळ्यांत उरली नाही. एका होतकरू शास्त्रज्ञाची कारकीर्द येथेच संपावयाची. परंतु कोणताही जीव त्याच्या परिसरापासून तोडून समजून घेता येत नाही, हा जीवशास्त्राचा धडा त्यांनी मनुष्यवस्तीला लावला. स्थळ, काम आणि लोक या तिहींचा परस्परसंबंध उमगल्याखेरीज शहर कळत नाही, हे त्यांच्या विचाराचे सूत्र ठरले.

हा विचार त्यांनी प्रथम स्वतःच्या संसारावर लागू केला. १८८६ साली ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर हे दांपत्य एडिंबरोच्या जुन्या भागातील जेम्स कोर्ट या मोडकळीस आलेल्या चाळवजा वस्तीत राहावयास गेले. सुखवस्तू मंडळी तो भाग सोडून नव्या एडिंबरोत गेल्याला तेव्हा बराच काळ लोटला होता. गेडिस पतिपत्नींनी शेजाऱ्यांना हाताशी धरून भिंतींना चुना लावला, अंगणे साफ केली, खिडक्यांत फुलझाडे लावली. पुढे आसपासच्या जुन्या इमारती दुरुस्त करून विद्यार्थ्यांची वसतिगृहे उभारली गेली. १८९२ मध्ये त्याच परिसरातील एका मनोऱ्यात शहराचा व त्याच्या भोवतालच्या प्रदेशाचा एकत्रित परिचय घडविणारे प्रदर्शन त्यांनी सुरू केले. डंडी येथे १८८८ पासून त्यांच्याकडे वनस्पतिशास्त्राचे अध्यापकपद होते. पण तेथील अध्यापन उन्हाळी सत्रापुरतेच असल्याने उरलेले वर्ष शहरांसाठी मोकळे राही.

१९१४ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते हिंदुस्थानात आले. युरोपात गाजलेले त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन ज्या जहाजातून येत होते, ते जहाज ‘एम्डन’ या जर्मन युद्धनौकेने बुडविले. अनेक वर्षांच्या परिश्रमाने जमविलेले नकाशे व चित्रे समुद्रतळाशी गेली. मित्रांनी घाईने नवे साहित्य जमवून पाठविले आणि १९१५ च्या आरंभी मद्रासमध्ये प्रदर्शन भरलेही. त्यानंतर त्यांची पायपीट सुरू झाली. मद्रास व मुंबई इलाख्यांतील शहरे, बडोदे, नागपूर, लखनौ, बलरामपूर, कपूरथळा, इंदूर अशा ठिकठिकाणी जाऊन त्यांनी अहवाल लिहिले. मुंबई इलाख्यातील सहा गावांच्या पुनर्रचनेविषयीचे त्यांचे १९१५ चे अहवाल महाराष्ट्र शासनाने १९६५ साली छापून प्रसिद्ध केले.

तत्कालीन नगरसुधारणेवर प्लेगची छाया होती. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला आणि १८९८ मध्ये मुंबई सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. दाट वस्ती हीच रोगाची जननी मानून ती चिरीत रुंद व सरळ रस्ते न्यावयाचे, हा त्या काळचा सर्वमान्य उपाय होता. गेडिस यांचा आक्षेप रस्त्यांना नव्हता, हिशेबाला होता. ज्यांची घरे पडत, ती माणसे शहराबाहेर नाहीशी होत नसत. कामधंदा जवळ हवा म्हणून ती शेजारच्या गल्लीत शिरत. तेथील गर्दी वाढे, भाडे चढे आणि रोगाला नवे घर मिळे. म्हणजे सरकारी खर्चाने गर्दी हटविली जात नव्हती, ती फक्त एका गल्लीतून दुसरीत ढकलली जात होती. कागदावर सुधारणा दिसे. गरिबाच्या ताटातला घास मात्र भाड्यापोटी कमी होई.

याला त्यांनी सुचविलेला पर्याय म्हणजे जतनपूर्वक शस्त्रक्रिया. कुशल वैद्य ज्याप्रमाणे आधी निदान करतो आणि मग लागेल तेवढाच अवयव कापतो, त्याप्रमाणे नगररचनाकाराने आधी प्रत्येक गल्ली पायी फिरावी, पडकी घरे, मोकळ्या जागा, विहिरी, देवळे, झाडे यांची नोंद करावी. राहण्यास सर्वस्वी अयोग्य अशी मोजकी घरे काढावीत. मोकळ्या जागा एकमेकींस जोडून हवा व उजेडास वाट करून द्यावी. आणि बाकीची वस्ती जागच्या जागी सुधारावी. तंजावरच्या किल्ल्यातील दाट वस्तीतून सरळ रस्ते काढण्याची योजना त्यांच्यापुढे आली, तेव्हा त्यांनी हीच पद्धत वापरून दुसरा आराखडा दिला. त्यात उठवावी लागणारी घरे फारच थोडी होती आणि खर्च मूळ योजनेच्या लहानशा अंशात भागणारा होता.

पाण्याविषयीची त्यांची दृष्टी तर आजही विचारार्ह आहे. हिवतापाचे डास वाढतात म्हणून तळी बुजविण्याचा व विहिरी झाकण्याचा सपाटा तेव्हा सुरू होता. मुंबईतील धोबी तलाव, गोवालिया टँक यांची केवळ नावेच आता उरली आहेत. गेडिस यांचे म्हणणे असे होते की तळे बुजविण्यापेक्षा ते साफ राखावे, त्यात डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडावेत, बदके पाळावीत. तळ्यामुळे हवा थंड राहते, पावसाचे पाणी सामावले जाते आणि लोकांना निवांत बसण्यास जागा मिळते. नळाची योजना केव्हा ना केव्हा बिघडणारच. अशा वेळी जुन्या विहिरी म्हणजे पूर्वजांनी शहराचा उतरवून ठेवलेला विमाच होय. सांडपाणी व मैला कोट्यवधींच्या नळांतून दूर वाहून नेण्यापेक्षा त्याचे खत करून बागा व मळे फुलवावेत, असा त्यांचा आग्रह होता. गरीब शहराला कचराही वाया घालविणे परवडत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

१९१७ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातील सर्वांत दारुण ठरले. थोरला मुलगा ॲलास्डेर फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. पत्नी ॲना हिंदुस्थानातच आजारी होत्या. त्यांना ही बातमी सोसवणार नाही म्हणून गेडिस यांनी ती सांगितली नाही, आणि मुलाचा मृत्यू न कळताच त्यांनीही डोळे मिटले. त्याच सुमारास इंदूरच्या होळकर दरबाराचे काम गेडिस यांच्याकडे होते. नकाशा घेऊन हिंडणारा हा गोरा म्हातारा आपली घरे पाडणार, या धास्तीने लोक त्यांना टाळीत. तेव्हा त्यांनी दिवाळीची मिरवणूक आपल्या हाती मागून घेतली. त्यांनी स्वतः सांगितलेल्या वृत्तान्तानुसार, मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न जाता ज्या मार्गावरील घरे सर्वाधिक स्वच्छ व दुरुस्त असतील त्या मार्गाने जाईल, असे जाहीर झाले. कचरा फुकट उचलण्याची सोयही झाली. शहर झाडूपुढे वाकले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस व प्लेगचा उंदीर होता, आणि शुभ्र वस्त्रांतील सफाई कामगार फुलमाळा घालून सन्मानाने चालत होते. प्लेग ओसरण्यास ऋतुमानही कारण झाले असेल. परंतु ज्यांच्या हातांवर शहराचे आरोग्य उभे होते, त्यांना शहराने रस्त्याच्या मध्यभागी आणले, ही गोष्ट लहान नव्हे. इंदूरविषयीचा त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणात जन्मलेले, पुढे भारतीय समाजशास्त्राचे अध्वर्यू ठरलेले डॉ. गो. स. घुर्ये यांना विलायतेस पाठविण्यात गेडिस यांचा वाटा होता; १९२४ साली या विभागाची धुरा घुर्ये यांच्याकडेच आली. दरम्यान १९२० मध्ये गेडिस यांनी आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र लिहिले. १९२४ मध्ये ते फ्रान्समधील माँपेलिए येथे गेले. तेल अवीवचा आराखडा त्यांनी १९२५ साली पूर्ण केला. १९३२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी माँपेलिएलाच त्यांचे निधन झाले.

या चरित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्यांचे बहुतेक अहवाल दप्तरात पडून राहिले. लोकांच्या सहभागाचा पुरस्कार करणाऱ्या या माणसाला काम मिळे ते गव्हर्नर आणि संस्थानिक यांच्या मर्जीने. ती फिरली की योजना थांबे. त्यांचे लिखाण पसरट होते. जमिनीची मालकी आणि भाडे यांचे राजकारण केवळ सद्‌भावनेने सुटत नाही, याचे पुरेसे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. आजच्या महानगरांचा विस्तारही त्यांनी पाहिला नव्हता.

तरीही त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न टळलेला नाही. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईच्या सुमारे सव्वा कोटी लोकसंख्येपैकी दोन-पंचमांशांच्या आसपास लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. या शहराचे बहुतांश पाणी दूरच्या वैतरणा-भातसा खोऱ्यांतून येते, आणि शहरातील तळी व ओढे मात्र भराव टाकून नाहीसे केले जातात. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्यांची तरतूद केली, पण गल्लीतील माणसाला न विचारता आराखडे बनविण्याची रीत गेली नाही. गेडिस यांची पद्धत स्वस्त होती, आणि हीच तिची अडचण ठरली. तिला मोठी कंत्राटे लागत नाहीत, कोनशिला लागत नाहीत; तिला लागतात पायी हिंडणारे अधिकारी, नेमक्या नोंदी, वर्षानुवर्षांची चिकाटी आणि रहिवाशांचा विश्वास. पैशाची टंचाई असलेल्या शहरांना हा खर्च परवडू शकतो. तो करण्याची तयारी मात्र त्यांच्या कारभाऱ्यांनी अद्याप दाखविलेली नाही.