दिवा आणि चित्रकार

विद्यार्थ्यांनो, हातात दिवा घेतलेल्या एका स्त्रीचे चित्र तुम्ही कॅलेंडरवर पाहिले असेल. एका हाताने तिने ज्योत झाकली आहे. उजेडाने तिची बोटे लाल दिसतात. पुष्कळ लोक हे चित्र राजा रविवर्मांचे समजतात. पण रविवर्मा १९०६ मध्ये वारले. हे चित्र त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी सावळाराम हळदणकर यांनी काढले.

हळदणकरांचा जन्म १८८२ मध्ये सावंतवाडीत झाला. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत चित्रकलेची संस्था सुरू केली. चित्रातील स्त्री म्हणजे त्यांचीच मुलगी, गीता. ती दिवा धरून बराच वेळ उभी राहिली. चित्र जलरंगातले आहे. जलरंगातली चूक पुसणे किती अवघड, हे तुम्हीही अनुभवले असेल!

हळदणकर १९६८ मध्ये वारले. चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील संग्रहालयाचे आहे.