कोण होते फझलूर रहमान खान? उंच टॉवर स्वस्त करणाऱ्या इंजिनीअरची गोष्ट

शिकागोच्या जुन्या मध्यवर्ती भागाला 'लूप' म्हणतात. १८९१ मध्ये इथे विटांच्या भिंतींवर १६ मजली मोनॅडनॉक इमारत उभी राहिली. तिच्या तळाच्या भिंती सुमारे १.८ मीटर जाड ठेवाव्या लागल्या. १९७४ मध्ये याच लूपमध्ये ११० मजली, ४४२ मीटर उंच सिअर्स टॉवर पूर्ण झाला. ही उडी शक्य करणारे इंजिनीअर होते फझलूर रहमान खान.

ढाक्याहून शिकागोला

खान यांचा जन्म ३ एप्रिल १९२९ रोजी ढाक्यात झाला. वडील गणिताचे शिक्षक. बंगालमधील शिबपूरच्या कॉलेजात शिकत असताना १९५० च्या दंगलींमुळे त्यांना ढाक्याला परतावं लागलं. पदवी तिथेच पूर्ण झाली. १९५२ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते अमेरिकेत गेले. इलिनॉय विद्यापीठात तीन वर्षांत दोन मास्टर्स आणि पीएचडी पूर्ण करून १९५५ मध्ये ते शिकागोच्या 'स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल' कंपनीत रुजू झाले.

अडचण नेमकी काय होती?

इमारत उंच होते तसा वाऱ्याचा जोर वाढतो. जुन्या पद्धतीत कॉलम आणि बीमची जाळी संपूर्ण इमारतभर पसरलेली असे. वारा पेलण्यासाठी स्टील वाढवावं लागे आणि खर्च हाताबाहेर जाई.

उपाय काय काढला?

खान यांनी बाहेरच्या भिंतीलाच वारा पेलायला लावलं. कॉलम जवळजवळ उभे केले की संपूर्ण इमारत बांबूसारखी पोकळ नळी बनते. १०० मजली जॉन हॅनकॉक सेंटरमध्ये त्यांनी बाहेरून मोठ्या तिरक्या पट्ट्या दिल्या. तिथे दर चौरस मीटरला सुमारे १४५ किलो स्टील लागलं. एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये ते सुमारे २०६ किलो होतं.

इमारत डोलल्यावर माणसाला किती जाणवतं, हेही त्यांनी तपासलं. त्यासाठी एका संग्रहालयातला फिरता प्लॅटफॉर्म वापरला.

सिअर्स टॉवरसाठी त्यांनी आर्किटेक्ट ब्रूस ग्रॅहम यांच्यासोबत नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधल्या. एक ऊस सहज वाकतो, मोळी वाकत नाही, तसंच हे. यातल्या दोन नळ्या ५० व्या, दोन ६६ व्या आणि तीन ९० व्या मजल्यावर थांबतात. शेवटपर्यंत जातात फक्त दोन. १९९८ पर्यंत हाच टॉवर जगात सर्वांत उंच मानला गेला.

मग प्रश्न संपला?

नाही. या टॉवरसाठी जुन्या इमारती पाडल्या गेल्या, मधल्या रस्त्याचा तुकडाही गेला. टॉवरचं काम सुरू असतानाच, १९७२ मध्ये, लूपमधली १८९४ ची स्टॉक एक्स्चेंज इमारतही जमीनदोस्त झाली. किती उंच बांधता येईल, याचं उत्तर इंजिनीअरनं दिलं होतं. कुठे बांधावं आणि त्यासाठी काय पाडावं, हे मात्र शहरानंच ठरवायचं असतं.

शेवटची वर्षं

१९७१ च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामात खान यांनी शिकागोतून मदत उभी केली. पुढे जेद्दाच्या हज टर्मिनलचं तंबूसारखं छत उभारण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. २७ मार्च १९८२ रोजी जेद्दातच त्यांचं निधन झालं. वय होतं ५२. दफन शिकागोत झालं.

सिअर्स टॉवरचं नाव २००९ मध्ये बदलून विलिस टॉवर झालं. त्याच्या पायथ्याच्या चौकाला मात्र खान यांचं नाव आहे.