कावसजीचे नाक

जगातल्या बहुतेक प्लास्टिक सर्जनांना कावसजी हे नाव ठाऊक असते. आपल्याला नसते, आणि माणूस तर आपलाच! नाव पारशी वाटले तरी त्याची नोंद शेतकरी मराठा अशीच आहे. टिपूविरुद्धच्या १७९२च्या लढाईत तो इंग्रजी फौजेचे बैल हाकत होता. शत्रूच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून परतला.

कंपनीने पेन्शन बांधून दिली. पेन्शनीत पोट भागते. नकटे तोंड घेऊन चारचौघांत बसता येत नाही. नाक कापण्याची शिक्षा होती ती त्याचसाठी. वर्षाहून अधिक काळ त्याने तसाच काढला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या कुंभार जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवले.

कुंभाराने मेणाची पातळ पट्टी नाकाच्या थोटकावर बेतली, ती सपाट करून कपाळावर ठेवली आणि भोवती रेघ ओढली. तेवढी कातडी सोडवली, पण भुवयांमध्ये एक अरुंद देठ शाबूत ठेवला. सारी विद्या त्या देठात. त्यातून रक्त येत राहते, म्हणून खाली वळवलेली कातडी जगते. वरून काताचा लेप दिलेल्या चिंध्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेले कापड. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ कापला.

मी सावद्याच्या शाखेत असताना केळीच्या ट्रकवरचा एक ड्रायव्हर खात्यात पैसे भरायला येई. अपघातात त्याची नडगी उघडी पडली होती. नडगीवर मांस कसले? आणि आवरण गेलेल्या हाडावर नुसती सोललेली कातडी धरत नाही. म्हणून दुसऱ्या पोटरीची कातडी देठासकट जखमेवर शिवून तीन आठवडे दोन्ही पाय एकमेकांना जखडले होते. आता बहुधा त्याच पायातला स्नायू फिरवतात, किंवा दुसरीकडचे मांस आणून सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडतात. हिशेब कुंभाराचाच.

क्रूसो आणि फिंडले या मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली. ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'ने ती चित्रासह छापली. ते वाचून कार्प्यू या सर्जनने १८१४ साली लंडनमध्ये तसे नाक केले, १८१६मध्ये पुस्तक लिहिले, आणि युरोपभर ही 'भारतीय पद्धत' झाली. पाहणाऱ्या डॉक्टरांची नावे छापली गेली, बैल हाकणाऱ्याचेही, कुंभाराचे नाही. सही नसलेले व्हाउचर आम्ही बँकेत परत करत असू.

छापलेले चित्र जानेवारी १७९४मधल्या तसबिरीवरून केलेले, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर सुमारे दहा महिन्यांचे. नाक पक्के बसले होते आणि जवळपास खऱ्यासारखे दिसत होते.