नेव्हिल डिसूझा : कंपनीचा संघ मावळला, नाव मात्र उरले

मानेसर, 1 डिसेंबर : हरियाणातील मानेसरसारख्या औद्योगिक वसाहतीत माणसाला गाव विचारण्याआधी कंपनी विचारली जाते. मोटारींच्या आणि सुट्या भागांच्या कारखान्यांत नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसालाही याची सवय होते. ओळखपत्रावरील कारखान्याचे नाव हीच त्याची पहिली ओळख ठरते. एके काळी मुंबईच्या फुटबॉलचेही असेच होते. खेळाडू कोणत्या पेठेचा वा वाडीचा, यापेक्षा तो कोणत्या कंपनीचा, हे आधी पाहिले जाई. अशाच कंपनी संघांतून खेळत एक तरुण ऑलिम्पिकपर्यंत पोहोचला आणि 1 डिसेंबर 1956 रोजी मेलबर्न येथे त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला. त्याचे नाव नेव्हिल स्टीफन डिसूझा.

नेव्हिल यांचा जन्म 3 ऑगस्ट 1932 रोजी एका गोवेकर कुटुंबात झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता आणि पोटापाण्यासाठी मुंबई गाठणारी गोमंतकीय कुटुंबे वांद्रे, माहीम, धोबीतलाव, माझगाव या भागांत वसली होती. शाळांची मैदाने, चर्चची आवारे आणि पावसाळ्यातील चिखल हीच या वस्त्यांतील फुटबॉलची पाठशाळा होती. डिसूझा यांच्या घरातही खेळाचे वातावरण होते. त्यांचे बंधू डेरेक हेही पुढे नामवंत फुटबॉलपटू झाले.

मुंबईचा फुटबॉल त्या वेळी संक्रमणातून जात होता. 1891 मध्ये सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा दीर्घकाळ ब्रिटिश पलटणींच्या वर्चस्वाखाली होती. स्वातंत्र्यानंतर पलटणी गेल्या आणि त्यांची जागा व्यापारी व औद्योगिक संस्थांनी घेतली. टाटा, कॅलटेक्स, पुढे मफतलाल, महिंद्र अशा कंपन्यांनी संघ उभे केले. खेळाडूला कचेरीत नोकरी मिळे, महिन्याचा पगार हाती येई आणि दिवसाच्या उत्तरार्धात तो सरावाला जाई. खेळाचे वेगळे मानधन नसल्याने तो नियमानुसार हौशी खेळाडूच राही. गोमंतकीय आणि दाक्षिणात्य तरुणांसाठी ही मोठी संधी होती, कारण चेंडूवरील हुकूमत त्यांना थेट कायम नोकरीपर्यंत नेत असे.

नेव्हिल टाटा आणि कॅलटेक्स या दोन्ही संघांकडून खेळले. त्यांची जागा सेंटर फॉरवर्डची, म्हणजे गोल करण्याची मुख्य जबाबदारी असलेल्या खेळाडूची. 1954 मध्ये मुंबईने राष्ट्रीय स्पर्धेचा संतोष करंडक पहिल्यांदा जिंकला, त्या संघात ते होते. बंगाल आणि हैदराबाद ही भारतीय फुटबॉलची दोन मोठी केंद्रे असताना मुंबईने मिळवलेले हे यश उल्लेखनीय होते. दोन वर्षांनी मेलबर्न ऑलिम्पिकसाठी निवडलेल्या भारतीय संघात नेव्हिल यांना स्थान मिळाले. प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम होते आणि कर्णधार बंगालचे समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी. पी. के. बॅनर्जी, तुळशीदास बलराम, पीटर थंगराज यांच्यासारखे खेळाडू त्या संघात होते.

भारतीय फुटबॉलच्या दृष्टीने ही स्पर्धा वेगळ्या अर्थाने महत्त्वाची होती. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून 2-1 असे पराभूत झाले. 1952 मध्ये हेलसिंकी येथे युगोस्लाव्हियाने भारताचा 10-1 असा धुव्वा उडवला. चार वर्षांनी मेलबर्नला निघालेल्या संघाच्या पाठीवर या पराभवाचे ओझे होते. हंगेरीने स्पर्धेतून माघार घेतल्याने भारताला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली आणि उपांत्यपूर्व फेरीत यजमान ऑस्ट्रेलिया समोर आला.

या सामन्यात नेव्हिल यांनी नवव्या मिनिटाला पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. 33 व्या मिनिटाला नेव्हिल यांनी पुन्हा आघाडी मिळवून दिली, तीही मध्यंतरापूर्वी पुसली गेली. यजमानांचे दोन्ही गोल ब्रूस मॉरो यांनी केले. उत्तरार्धात 50 व्या मिनिटाला नेव्हिल यांनी तिसऱ्यांदा चेंडू जाळ्यात धाडला. पुढे कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांनी चौथ्या गोलची भर घातली आणि भारत 4-2 असा जिंकून उपांत्य फेरीत पोहोचला. ऑलिम्पिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत धडक मारणारा भारत हा पहिला आशियाई देश होता.

उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया समोर उभा राहिला. मध्यंतरापर्यंत गोल झाला नाही. 52 व्या मिनिटाला नेव्हिल यांनी गोल केला आणि चार वर्षांपूर्वी दहा गोलांनी चिरडणाऱ्या संघाविरुद्ध भारत आघाडीवर गेला. ही आघाडी जेमतेम दोन मिनिटे टिकली. अखेरीस युगोस्लाव्हियाने 4-1 असा विजय मिळवला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने भारताला 3-0 असे हरवले. पदक हुकले, तरी चार गोलांसह नेव्हिल स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्यांमध्ये संयुक्तपणे पहिले राहिले. युगोस्लाव्हियाचे तोदोर व्हेसेलिनोविच आणि बल्गेरियाचे दिमितर मिलानोव्ह हे त्यांचे सहमानकरी होते. भारताचे चौथे स्थान ही आजही ऑलिम्पिक फुटबॉलमधील देशाची सर्वोत्तम कामगिरी आहे.

मेलबर्नहून परतल्यावर नेव्हिल यांच्यापुढे पुन्हा मुंबईचे मैदान आणि कंपनीचा गणवेश होता. 1958 मध्ये कॅलटेक्सने रोव्हर्स चषक पटकावला, तेव्हा ते त्या संघात होते. कूपरेज मैदानावरील प्रेक्षकांनी त्यांच्यावर प्रेम केले, परंतु सरकारी मान्यता त्यांच्या वाट्याला फारशी आली नाही. 1961 मध्ये सुरू झालेल्या अर्जुन पुरस्काराने मेलबर्नच्या संघातील पी. के. बॅनर्जी, बलराम आणि थंगराज यांचा गौरव झाला. त्या स्पर्धेत भारताकडून सर्वाधिक गोल करणाऱ्या नेव्हिल यांना मात्र तो कधीच मिळाला नाही. 1980 मध्ये, पन्नाशी गाठण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निधनापूर्वीच त्यांचा एक संघ काळाच्या ओघात हरवत चालला होता. 1970 च्या दशकात केंद्र सरकारने परदेशी तेल कंपन्यांचा भारतातील व्यवसाय ताब्यात घेतला आणि कॅलटेक्सचा कारभार 1978 मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाला. पेट्रोल पंपांवरील नाव पुसले गेले, तसे ते फुटबॉलच्या वेळापत्रकातूनही पुसले गेले. गिरण्यांच्या पडझडीत गिरण्यांचे संघ संपले. 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड हा बलाढ्य संघही व्यवस्थापनाच्या निर्णयाने 2010 मध्ये बंद झाला. कंपनीने दिलेली ओळख कंपनीच्या एका ठरावाने परत घेता येते, हा मुंबईच्या फुटबॉलचा कटू अनुभव आहे.

कंपनीच्या किंवा कारखान्याच्या संघाचा शेवट असाच होतो, असे मात्र नाही. युक्रेनमधील शाख्तार दोनेत्स्क हा संघ 1936 मध्ये दोनबासच्या कोळसा खाणपट्ट्यात स्थापन झाला. शाख्तार या शब्दाचा अर्थच खाणकामगार असा आहे. त्याच्या बोधचिन्हात खाणकामगारांचे हातोडे आहेत. सोव्हिएत काळात तेथील खेळाडूही कागदोपत्री हौशीच मानले जात आणि त्यांचा निर्वाह संस्थांच्या आश्रयावर चाले. सोव्हिएत संघ कोसळला, खाणींची मालकी बदलली, तरी संघ टिकला आणि 2009 मध्ये त्याने युएफा चषक जिंकला. 2014 मध्ये युद्धामुळे त्याला आपले शहर व स्टेडियम सोडावे लागले. त्यानंतर तो लव्हिव, खारकिव्ह आणि कीव्ह येथे खेळला. 2022 नंतर त्याने युरोपीय स्पर्धांतील घरचे सामने पोलंड आणि जर्मनीतील मैदानांवर खेळवले. दशकाहून अधिक काळ शहराबाहेर राहूनही संघाने दोनेत्स्क हे नाव सोडलेले नाही, कारण तो केवळ खाणमालकांचा न राहता तेथील लोकांचा झाला होता.

मुंबईतील कंपनी संघांना ही लोकमालकी लाभली नाही. खेळाडू लोकांचे होते, संघ मात्र कचेरीचे राहिले. प्रेक्षकांनी नेव्हिल यांना आपले मानले, कॅलटेक्सला नव्हे. म्हणूनच संघ गेल्यावर त्या संघाची आठवण सांगणारे फारसे कोणी उरले नाही, पण खेळाडूची आठवण टिकली. वांद्र्यातील फुटबॉल मैदानाला आज नेव्हिल डिसूझा यांचे नाव आहे. तेथे सराव करणाऱ्या मुलांपैकी अनेकांना कॅलटेक्स हे एका तेल कंपनीचे नाव होते, हेही ठाऊक नसेल.

देशातील नव्या औद्योगिक पट्ट्यांत, मानेसरपासून चाकणपर्यंत, कारखान्यांची क्रीडांगणे आणि कामगारांचे संघ आजही खेळाला आधार देऊ शकतात. नेव्हिल यांना खेळासाठी लागणारी निश्चिंती कंपनीच्या नोकरीनेच दिली होती, ही गोष्ट विसरता येणार नाही. मात्र संघ पिढ्यान्‌पिढ्या टिकायचा असेल, तर त्याच्या गणवेशावर कंपनीच्या नावासोबत गावाचे किंवा शहराचेही नाव असावे लागते. नेव्हिल डिसूझा यांच्या आयुष्यातून आणि त्यांच्या हरवलेल्या संघाच्या इतिहासातून हाच धडा मिळतो.